कॉइलचा कान तुटला, तरी मशीन विकलं नाही: आठ महिन्यांनंतर

ऑगस्टच्या शेवटी माझ्या मेटल डिटेक्टरच्या कॉइलचा, म्हणजे जमिनीवर झुलवायच्या तबकडीचा, कान तुटला. कान म्हणजे कॉइल दांड्याला जोडणारी, बोल्ट जातो ती प्लॅस्टिकची पाती. इंग्लंडच्या सफोकमधलं गव्हाचं कापलेलं शेत, मालकाची रीतसर परवानगी, धसकटांवर कॉइल घासत चाललो होतो आणि ती एकदम लोंबायलाच लागली. २८० पौंडांचं मशीन, आणि सगळा भार दोन बोटं रुंद प्लॅस्टिकवर! दुकानदार म्हणतो, आपटल्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही, नवी कॉइल घ्या, ९० पौंड. तीन ईमेल, दोन फोन, उत्तर तेच. शेतात झुलवायचं यंत्र धसकटाला लागणार नाही तर कशाला लागणार? मशीनचं नाव मुद्दाम देत नाही.

त्या आठवड्यात लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता.

मग आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातल्या एका आजोबांनी कॉइल हातात घेतली. धातूची पट्टी चालत नाही, कॉइल तिलाच ओरडत बसेल. त्यांनी फायबरग्लासची पट्टी इपॉक्सीत भिजवून गुंडाळली, बोल्ट नायलॉनचाच ठेवला. खर्च ६ पौंड. बोल्ट फार आवळू नकोस, हेही त्यांनीच सांगितलं. माझ्याच मॉडेलचे चार जण तिथे होते, चौघांनीही हा कान आधीच बांधून घेतलेला.

लोक मधल्या किमतीची मशीनं का घेतात, ते मला तिथे कळलं. गॅरेट एस २५० साधं, ६.५ किलोहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीचं, पेन्सिल सेलवर चालणारं. पण दुसऱ्या कंपन्यांच्या कॉइलही त्याला मिळत. २०१८ मध्ये मिनेलॅब इक्विनॉक्सनं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी परवडणाऱ्या किमतीत आणल्या, २०१९ मध्ये नोक्ता सिम्प्लेक्स ३ मीटर पाण्यात चालणारं आलं. खोली इंचभर कमी असली तरी चालते. अडलं की शेजारच्याला विचारता येतं, हे जास्त मोलाचं.

खाली कुठला धातू असेल, याचा अंदाज देणाऱ्या स्क्रीनवरच्या आकड्याबद्दलचं माझं मतही बदललं. सोन्याची अंगठी आणि कॅनची कडी बऱ्याचदा सारखाच आकडा देतात. एकदा असाच मधला आकडा आला, पण कॉइल दोन्ही बाजूंनी फिरवली तरी आवाज गोल, न तुटणारा. खणलं, तर मध्ययुगीन चांदीची पेनी, तिच्यावरच्या क्रॉसच्या रेषेवर कापून अर्धी केलेली! सुट्ट्या पैशांसाठी तेव्हा नाणी अशीच कापत. हात थरथरत होते. फाइंड्स लायझन ऑफिसरकडे, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवली. ३०० वर्षांहून जुन्या सोन्याचांदीच्या वस्तू, आणि एकाच ठिकाणी मिळालेली दोन किंवा जास्त सोन्याचांदीची जुनी नाणी, इथल्या १९९६ च्या ट्रेझर ॲक्टखाली १४ दिवसांत कळवावीच लागतात. माझं एकटं नाणं त्यात येत नव्हतं, तरी नोंद हवीच.

पुण्याहून मावसभाऊ विचारतो, सुट्टीत आणतोस का, गडावर नेऊ. नाही, अजिबात नाही. संरक्षित गडावर खणणं गुन्हा आहे, आणि भारतातल्या १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरचा सापडलेला ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो.

आता दुसरा कानही आधीच बांधून घेतलाय. ९० पौंडांची कॉइल घेतली नाही.