डब्याचे पैसे: महिन्याला एकदा की लागतील तेव्हा?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या मेसनं यूपीआय ऑटोपे सुरू केलं, तेव्हा पहिलाच प्रश्न आला: मँडेटमध्ये, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला गिऱ्हाईक देतं त्या परवानगीत, वारंवारता कोणती टाकायची?

'मासिक' निवडलं की एका महिन्यात एकदाच पैसे कापता येतात. डब्याचे ठरलेले २,८०० रुपये ५ तारखेला आले की विषय संपला. गिऱ्हाईक निवांत. पण रविवारी कुणी मटणाचं जादा ताट मागवलं, की ते १८० रुपये त्याच महिन्यात पुन्हा कापता येत नाहीत. मग वही काढा, पुढच्या बिलात धरा, नाहीतर रोख मागा. तांबडा-पांढरा पोटात गेल्यावर उधारी कुणाच्या लक्षात राहते!

दुसरा पर्याय 'गरजेनुसार', म्हणजे ॲपमधलं 'ॲज प्रेझेंटेड'. यात महिन्यात कितीही वेळा मागणी पाठवता येते. मेख अशी की मँडेटवरची कमाल रक्कम प्रत्येक वेळेची असते, महिन्याची नव्हे. मर्यादा ३,००० असेल तर आज ३,००० आणि आठवड्यानं परत ३,००० जाऊ शकतात. कापण्याआधी २४ तास सूचना येते खरी, पण ती वाचतो कोण? मँडेट ॲपमधून कधीही रद्द करता येतं, हेही बहुतेकांना माहीत नसतं.

धंदेवाल्याला दुसरा पर्याय सोयीचा, यात वाद नाही. तरी आम्ही डब्याला मासिकच ठेवलं. जादा ताटाचे पैसे गल्ल्यावरच्या क्यूआरवर, तिथल्या तिथं. गरजेनुसारचं मँडेट फक्त एका हॉस्टेलसाठी आहे, कारण त्यांच्या ताटांची संख्या दर आठवड्याला बदलते.