'आय'ड रॅदर गो ब्लाइंड': एटा, क्रिस्टीन, बियॉन्से की बेथ हार्ट?

हे गाणं सर्च केलं की इतक्या जणींचे आवाज समोर येतात की नक्की कोणाचं ठेवायचं हेच कळत नाही. माझंही तेच झालं होतं, जवळजवळ महिनाभर चार व्हर्जन्स आलटून पालटून लावत होतो, शेवटी घरून विचारणा झाली की फोन बिघडलाय का, एकच गाणं का वाजतंय. आता निवड झालीय माझी. तुमची वेगळी होऊ शकते, पण माझी कशी झाली ते सांगतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, या गाण्यात लपायला जागाच नाही. गिटारवर ए आणि बी मायनर एवढे दोन कॉर्ड आले की पूर्ण गाणं वाजवता येतं, ठेका म्हणाल तर आपल्या संथ दादऱ्यासारखा झुलणारा, बाकी सगळा भार गाणारीवर. म्हणून तुलना करायला मजा येते. बंदिश तीच, घराणं बदललं की जे होतं ना, तसं काहीतरी.

हे गाणं मुळात जिचं, त्या एटा जेम्सबद्दल मी नवीन काय सांगणार. 1967 साली शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीने तिला अलाबामात मसल शोल्सला, रिक हॉलच्या फेम स्टुडिओत पाठवलं, तिथे हे रेकॉर्ड झालं आणि लागलं कुठे तर तिच्याच 'टेल मामा' या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला. गीतकार म्हणून नावं एलिंग्टन जॉर्डन आणि बिली फॉस्टर यांची आहेत, पण एटाने आत्मचरित्रात सांगितलंय की जॉर्डनला तुरुंगात भेटायला गेली तेव्हा त्याने गाण्याचा सांगाडा ऐकवला, पुढचं दोघांनी मिळून केलं आणि टॅक्सच्या भानगडीमुळे तिने आपला वाटा फॉस्टरच्या नावावर केला. हे माहीत झाल्यापासून मला तिचा आवाज जरा वेगळा लागतो, घर आपलं पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर अशा माणसासारखा.

तक्रार एकच. अडीच मिनिटं! ती आत्ता कुठे मोकळी व्हायला लागते आणि आवाज हळूहळू बारीक होत गाणं संपतं. भाकरी फुगायला लागली आणि कोणीतरी गॅस बंद केला. ज्यांना याचा फारच त्रास होतो त्यांनी तिचं 1975 चं स्वित्झर्लंडच्या माँट्रो संगीत फेस्टिव्हलमधलं लाइव्ह बघा, तिथे ती भरपूर वेळ घेते, पण ते बघायचं काम आहे, इतर काही करता करता ऐकायचं नाही.

बियॉन्सेचं पटकन उरकतो. 2008 च्या 'कॅडिलॅक रेकॉर्ड्स' सिनेमात ती एटा झालीय आणि त्यातच हे गायलीय. वाईट अजिबात नाही, खरं तर बऱ्याच ठिकाणी अंगावर येतं. पण सिनेमा बाजूला ठेवून नुसतं ऐकलं की मला सारखं वाटतं, ही गाणं गातेय की एटा गातेय? म्हणजे भूमिका ऐकू येते. कदाचित मी सिनेमा आधी बघितला म्हणून असेल, ज्यांनी नाही बघितला त्यांना असं वाटणारही नाही.

आता बेथ हार्ट. 2011 मध्ये गिटारिस्ट जो बोनामासाबरोबर केलेल्या अल्बममध्ये तिचं हे आहे, आठ मिनिटांच्या वर, आणि 2012 ला वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये बडी गाय या ब्लूज गिटारिस्टच्या सन्मानाला गिटारिस्ट जेफ बेकबरोबर गायली तेव्हा लोक उठून उभे राहिले होते. तो व्हिडिओ मी किमान पन्नास वेळा बघितला असेल. सुरुवातीचे पंधरा दिवस मला खात्री होती की आपलं व्हर्जन हेच.

पण माझी गाणी ऐकायची वेळ म्हणजे रात्री साडेदहा-अकरा, ओटा आवरताना. स्पीकर फ्रिजवर, आणि आई हॉलमध्ये झोपलेली, मधे फक्त पडदा. बेथ हार्ट सुरुवात करते जवळजवळ कुजबुजत, नळाच्या आवाजात काही म्हणजे काही कळत नाही, म्हणून हात पुसून आवाज वाढवायचा, पुन्हा कढईकडे वळायचं, आणि मग ती अशी काही सुटते की बास. फोनकडे धावलो तर हाताला साबण, ओल्या बोटाला स्क्रीन दाद देईना, कोपराने प्रयत्न केला तर गाणं बंद व्हायच्या ऐवजी मागे जाऊन त्याच किंकाळीवर परत आलं. आतून आईचा आवाज, "अरे कोण रडतंय एवढं? शेजारी काही झालंय का?"

हे एकदा नाही, तीनदा झालं. दर वेळी ठरवायचो की आवाज मधे कुठेतरी ठेवू, पण या गाण्याला मधलं काही नाहीच. दोष तिचा नाही, स्टेजसाठी तेच हवं. मोठ्या घरात किंवा एकट्याने गाडीत ऐकणाऱ्याला कदाचित ही अडचणच वाटणार नाही.

तेव्हा कुठे मी क्रिस्टीन पर्फेक्टचं नीट ऐकलं. हो, आडनाव खरंच पर्फेक्ट, पुढे फ्लीटवुड मॅक या बँडमध्ये क्रिस्टीन मॅकव्ही झाली तीच. 1969 मध्ये चिकन शॅक या इंग्लिश ब्लूज बँडबरोबर गायलेलं, ब्रिटनमध्ये चौदाव्या नंबरपर्यंत गेलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जरा सपकच वाटलं होतं हे कबूल करतो. एटानंतर लगेच लावलं तर वाटणारच.

पण आवाज कमी ठेवून ऐका. सुरुवातीला जिथे आहे तिथेच ती शेवटपर्यंत राहते, ना स्पीकरकडे धावायला लागतं ना कान टवकारायला लागतात. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गाण्यातली बाई काय करतेय? तो दुसरीशी बोलताना दिसला तेव्हाच तिला आतून कळलंय की संपलं, आणि आता ती नुसती बसलीय, ओठाला लावलेल्या ग्लासात स्वतःचंच तोंड दिसतं आणि त्यात दिसतं की आपण रडतोय. म्हणजे तोपर्यंत तिला स्वतःलाही पत्ता नव्हता! ज्याला आपण रडतोय हेच माहीत नाही तो माणूस ओरडेल का? एटा विनवते, बेथ हार्ट कोसळते, क्रिस्टीन मात्र ग्लास हातात धरून बसलीय असं वाटतं. आता हे माझं वाटणं झालं, गाण्यातल्या जाणकारांना हसू येईल कदाचित, आणि सोल म्हणून मोजायचं तर एटाच्या जवळपास ती नाही हेही मान्य.

तेव्हा पहिल्यांदाच ऐकणार असाल तर एटापासूनच सुरू करा, त्यात वाद नाही. कोणाला एकदाच ऐकवून गार करायचं असेल तर बेथ हार्ट. रोज लावायचं असेल, घरात माणसं झोपलेली असतील, तर मी आपलं क्रिस्टीन म्हणेन. शोधताना फक्त मॅकव्ही नाव टाकू नका, फ्लीटवुड मॅकचाच ढीग येतो, 'चिकन शॅक' टाका. तिच्या 1970 च्या सोलो अल्बममध्येही हे गाणं आहे, तो 'क्रिस्टीन पर्फेक्ट' याच नावाने सापडतो.