खंड्या आणि भक्षक जिवाणू: एरंडवण्यातील एका निसर्गवर्गाविषयी

एरंडवण्यात रविवारी सकाळी प्रौढांसाठी भरणाऱ्या निसर्गवर्गात या वेळी प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरचा खंड्या आणि मातीतला डेलोव्हिब्रिओ हा भक्षक जिवाणू यांची तुलना होती. दीड तासासाठी ३०० रुपये शुल्क मुळीच जास्त नाही.

विषय ओढूनताणून जुळवलेला असेल, ही शंका लवकरच फिटली. ‘सिहेक’ म्हणून ओळखला जाणारा हा खंड्या माशांवर जगत नाही. तो फांदीवर निश्चल बसून पाली, सरडे आणि कीटक टिपतो आणि कुजक्या खोडावर उडत येऊन चोच आदळत घरट्यासाठी ढोली कोरतो. डेलोव्हिब्रिओही भक्ष्य जिवाणूवर वेगाने आदळतो, त्याच्या बाह्य आवरणाला छिद्र पाडून आत शिरतो आणि त्याला आतूनच पोखरत वाढतो. तीन-चार तासांत त्याचे विभाजन होऊन नवे जिवाणू बाहेर पडतात. पक्ष्याची ढोली हे केवळ घर असते, जिवाणूचे मात्र घर तेच अन्न, हा फरक शिक्षिकेने फळ्यावर शेजारी शेजारी आकृत्या काढून फार नेमका समजावला.

सर्वांत मोलाच्या होत्या त्या बंद पेट्री डिश, म्हणजे जिवाणू वाढवायच्या झाकणाच्या उथळ बशा. जिवाणूंच्या दुधट थरावर डेलोव्हिब्रिओने पाडलेले पारदर्शक ठिपके ताज्या डिशमध्ये टाचणीच्या डोक्याएवढे होते, तर काही दिवस ठेवलेल्या डिशमध्ये चांगलेच रुंदावलेले होते. मातीत जिवाणूभक्षी विषाणू शोधताना जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टोल्प यांना असेच ठिपके दिसले आणि १९६२ साली या जिवाणूची नोंद झाली.

संवर्धनाचा भाग मात्र शेवटच्या दहा मिनिटांत उरकला, याचे वाईट वाटले. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्वामवर पोचलेल्या तपकिरी वृक्षसर्पामुळे १९८८पर्यंत सिहेक निसर्गातून नाहीसा झाला. त्याआधी पकडून नेलेल्या २९ पक्ष्यांमुळेच तो वाचला आणि २०२४ मध्ये ९ पक्षी पामायरा प्रवाळद्वीपावर सोडता आले. माझ्या मते खरी तुलना इथेच होती. डेलोव्हिब्रिओ आपल्या भक्ष्याचा पुरता नायनाट करत नाही, काही जिवाणू नेहमीच तग धरतात. ग्वामच्या पक्ष्यांना मात्र अशा सापाची कधी सवयच नव्हती. यावर निदान अर्धा तास द्यायला हवा होता.

मागच्या रांगेतून डिश नीट दिसत नाहीत, तेव्हा थोडे लवकर पोचून पुढची जागा धरावी.