फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया: गोळ्या की फुगा?

या आजारात धमनीच्या भिंतीतल्या पेशी वेडीवाकडी वाढतात. अँजिओग्राफीत (धमन्यांच्या तपासणीत) मूत्रपिंडाची धमनी जागोजागी अरुंद होऊन मण्यांच्या माळेसारखी दिसते आणि रक्तदाब चढतो. दहापैकी आठ-नऊ रुग्ण स्त्रिया असतात.

गोळ्यांनी दाब आटोक्यात येतो, अरुंद जागा मात्र तशीच राहते. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेली रक्तदाबाची औषधं इथे चांगली लागू पडतात. पण दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद असतील तर क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करतंय का हे सांगणारा रक्तातला घटक) पुन्हा पुन्हा तपासावंच लागतं. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत. मूल हवं असलेल्या तरुणीने हे डॉक्टरांशी आधीच बोलावं.

फुग्याची अँजिओप्लास्टी, म्हणजे धमनीत छोटा फुगा फुगवून अरुंद जागा रुंद करणं, मूळ अडथळ्यालाच हात घालते. कोलेस्टेरॉलच्या ब्लॉकेजमध्ये बसवतात तसा स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) इथे सहसा बसवत नाहीत. वय कमी आणि रक्तदाब नुकताच सुरू झालेला असेल, तर गोळ्या पूर्ण सुटण्याची शक्यता खरोखर असते. अशा रुग्णाने वर्षानुवर्षं गोळ्यांवरच राहू नये, असं मला मनापासून वाटतं. जुना रक्तदाब असेल तर इतकी आशा धरू नये. शिवाय धमनीला इजा होण्याचा किंवा ती पुन्हा अरुंद होण्याचा धोका थोडा असतोच.

दोन्ही वाटांवर एकदा तरी डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या धमन्यांचं स्कॅन हवं. मानेतली किंवा मेंदूतली धमनीही फुगलेली असू शकते.