सीओएफएस-२९ कडवळ: कापणी आणि युरियाचा जवळजवळ वर्षभराचा अनुभव

फेब्रुवारी सरता सरता वीस गुंठ्यांत हे कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, टाकलं. आता संक्रांत झाली, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, थंडी तिन्ही बघून झाले. गाव सांगोल्याकडचं, जमीन मध्यम, पाणी बोअरचं, दावणीला संकरित गाई.

वाण कोईमतूरच्या कृषी विद्यापीठाचा, २००१ सालचा. ज्वारी आणि सुदान गवत यांचा संकर. ताटं बारीक, पानं भरपूर, फुटवे दाट. बी नेहमीच्या ज्वारीपेक्षा बारीक, एकरी दोन किलो पुरतं. पाभरीनं खोल गेलं की उगवण मार खाते, म्हणून रेघा मारून हातानं वरवर टाकावं. बी अगदी ताजं असेल तर घेऊ नका, काढणीनंतर दीड-दोन महिने ते झोपलेलंच असतं. उगवणीबद्दल एवढंच.

खरी गोष्ट कापणीची. पहिली कापणी साठ-पासष्ट दिवसांनी, पुढच्या साधारण पन्नास दिवसांच्या अंतरानं. आमच्याकडं बायकांचा हात शाळूच्या काढणीवर बसलेला, त्यामुळं विळा मातीला टेकूनच चालतो. खोडव्याला, म्हणजे कापल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, ते चालत नाही. अर्धी वीत बूड ठेवलं, म्हणजे खालची एक-दोन पेरं शाबूत राहिली, की आठवड्याच्या आत बुडख्याच्या बाजूनं फुटवे निघतात. बांधाकडच्या दोन ओळी रोजगाऱ्यांनी जमिनीसरशी छाटल्या होत्या. तिथले फुटवे उशिरा आले आणि विरळ आले, ते आजही नजरेला दिसतं. विळ्याला धार हवी. बोथट विळ्यानं बुडखा चिरतो, पाणी मुरतं आणि कुजतो.

आता युरिया. पेरताना शेणखत आणि मिश्रखत दिलंच होतं, पण हे पीक दर कापणीला जमिनीतलं नत्र गाडी भरून घरी नेतं, ते परत द्यावंच लागतं. मी प्रत्येक कापणीनंतर हेक्टरी ३० किलो नत्र धरतो. म्हणजे एकरी २६ किलो युरिया, गुंठ्याला ६५० ग्रॅम. गुंठ्याचा हिशेब मुद्दाम सांगतोय, कारण कडवळ कुणीच एका दिवसात कापत नाही. रोज लागेल तेवढा पट्टा कापायचा, शेवटच्या पट्ट्यावर पोचेपर्यंत पहिला तयार. खतही तसंच पट्ट्यापट्ट्यानं. आमच्या गोठ्यातल्या जुन्या तांब्यात किती बसतो ते एकदा वजन करून खूण केली, तेव्हापासून अंदाजपंचे बंद.

कापल्याबरोबर टाकत नाही. कोंब दिसायला लागले की ओळीच्या कडेनं टाकतो आणि लगेच पाणी सोडतो. आमची जमीन चुनखडीची. उन्हात वरवर पडलेला युरिया हवेत उडून जातो, नाकाला वास येतो तो त्याचाच. पंधरा दिवसांत पाण्याची पाळी येणार नसेल तर मी खत थांबवतो, कोरड्यात टाकत नाही.

‘अख्खं पोतं एकदाच टाका, काळंभोर येतं’ असं सांगणारे गावोगाव आहेत. काळंभोर येतं हे खरंच. पण ते लोळतं, आणि नत्राचा जादा डोस म्हणजे ताटात नायट्रेट साठणं, तेही बुडाकडच्या भागात जास्त. त्यात पाण्याचा ताण पडला की किराळाची, म्हणजे कोवळ्या किंवा सुकलेल्या कडवळातल्या सायनाइडनं जनावराला होणाऱ्या विषबाधेची, भीतीही वाढते. वाळवल्यावर किराळाचं विष कमी होतं, नायट्रेट मात्र तसंच राहतं, हे फार जणांना ठाऊक नसतं.

किराळाबद्दल जरा जास्त लिहितो. ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली, खोडवा गुडघ्याएवढा होऊन सुकायला लागला, मग पाऊस पडला आणि लुसलुशीत कोंब फुटले. सगळ्यात घातक वेळ हीच. शेजारच्या वस्तीवरची कालवड दावं तोडून तिच्या मालकाच्या असल्याच खोडव्यात शिरली. तासाभरात तोंडाला फेस, धापा, पाय लटपटायला लागले. डॉक्टर वेळेत आले, शिरेतून सोडियम थायोसल्फेट दिलं, वाचली. आमच्या घरी नियम एकच: कंबरेच्या वर गेल्याशिवाय विळा नाही, आणि ताण पडलेलं असेल तर पाणी देऊन वाढू द्यायचं, मग कापून सुकवून कुट्टी.

तक्रारी आहेत. कोईमतूरचे लोक वर्षाला हेक्टरी १७० टनांच्या घरातला आकडा सांगतात, पण तिथं आपल्यासारखी थंडी नाही. डिसेंबरात वाढ एवढी मंदावली की पन्नास दिवसांची कापणी सत्तरच्या पुढं गेली. त्या काळात दावण मक्यावर आणि कडब्यावरच काढावी लागली. लष्करी अळी पावसाळ्यात पोंग्यात दिसली, पण पट्टा लगेच कापून टाकला की निभतं. आणि नुसतं कडवळ घालून दूध वाढेल ही अपेक्षा ठेवू नका, प्रथिनं कमीच. सोबत लसूणघास नाहीतर चवळी लागतेच.

नेपियर गवत लावावं की हे, असं विचारतात. पाणी बारमाही असेल आणि रान कायमचं अडकवायची तयारी असेल तर नेपियर. माझं बोअर एप्रिलात दम सोडतं, त्यामुळं कडवळ मोडून रान रिकामं करता येतं हेच मला सोयीचं. फेब्रुवारीत हे बुडखे काढून शेजारच्या तुकड्यात नवं टाकणार आहे, पण या वेळी दहा गुंठेच. उरलेल्या रानात लसूणघास.