एफएमईए की एसटीपीए: धोक्यांचा अभ्यास सुरू कुठून करावा?

एफएमईए, म्हणजे एकेका भागाचे संभाव्य बिघाड तक्त्यात मांडून तपासणं, मी दहाएक वर्षं केलं. एसटीपीए, म्हणजे यंत्रणेत कोण कुणाला हुकूम देतं याचं चित्र काढून धोके शोधणं, गेली चार वर्षं करतोय. माणसांच्या जिवाशी संबंध असलेली यंत्रणा उभी करायची आहे आणि तिच्यातल्या धोक्यांचा अभ्यास कोणत्या पद्धतीने करावा हे ज्यांना ठरवायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तक्ता कसा भरतात, कंट्रोल स्ट्रक्चरचं चित्र कसं काढतात, हे तुम्हाला ठाऊक असणार. ते सांगत बसत नाही. फॉल्ट ट्रीही, म्हणजे अपघातापासून उलटं त्याच्या कारणांकडे जाणारं झाड, बाजूला ठेवलंय. ते १९६२ मध्ये बेल लॅबमध्ये, मिनटमन क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपण नियंत्रणासाठी तयार झालं. एखाद्या ठरावीक अपघाताच्या मुळाशी जायचं असेल तर मी आजही तेच काढतो. पण कोरा कागद समोर असतो तेव्हा निवड बहुतेक वेळा या दोघांतच करावी लागते.

एफएमईए जुनंजाणतं आहे. अमेरिकी लष्कराने त्याची कार्यपद्धती १९४९ मध्ये काढली, अपोलोच्या काळात नासाने ते वापरलं, मग मोटार उद्योगाने उचललं. इतक्या हातांतून तावूनसुलाखून निघालेली पद्धत सहज मोडीत काढता येत नाही. रिले, बॅटरी, कनेक्टर, पंखा, वीजपुरवठा, म्हणजे जिथे एक वस्तू आहे आणि ती चार-दोन ओळखीच्या प्रकारांनी बिघडते, तिथे मला एफएमईएपेक्षा सरस काही दिसलेलं नाही. आमच्या एका कामात दोन्ही जिन्यांमधले भोंगे एकाच फ्यूजवर जोडलेले होते, हे तक्त्याच्या तिसऱ्या ओळीलाच उघडं पडलं. चित्रं काढत बसलो असतो तर ते केव्हा दिसलं असतं, सांगता येत नाही. शिवाय नवा माणूस एका दिवसात तक्ता भरायला शिकतो, आणि तपासनीस समोर बसला की त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

मला खुपलं ते आरपीएनच्या रकान्यात. बिघाडाची तीव्रता, तो होण्याची शक्यता आणि तो सापडणं किती अवघड, या तीन आकड्यांचा गुणाकार म्हणजे आरपीएन.

काम एका मोठ्या सार्वजनिक इमारतीचं होतं. आगीचा इशारा आला की फायर अलार्मच्या पॅनेलने रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचला, सांगायचं, रिलेने मॅग्नेटिक लॉकची वीज तोडायची आणि जिन्याचं दार मोकळं व्हायचं. तक्त्यातली ओळ अशी होती: ‘रिले चिकटून राहतो, दार उघडत नाही.’ तीव्रता १०, शक्यता ३, सापडण्याचा आकडा ४. गुणाकार १२०. शंभराच्या वर गेलेल्या प्रत्येक ओळीवर उपाय करायचा, असं ठरलेलं होतं. मग खल सुरू झाला. कोणीतरी म्हणालं, महिन्याला चाचणी होते, म्हणजे बिघाड सापडायला तसा सोपा आहे, ४ कशाला, ३ धरू. तीन धरले. ९० झाले. लाल ओळ पिवळी झाली आणि आम्ही पुढच्या ओळीवर गेलो. दार तेच, रिले तोच, महिन्याची चाचणीही आधीपासून होतीच. यात पाऊण तास गेला होता.

त्याच तक्त्यात दोन पानं पुढे पॅनेलवरचा एक सूचक दिवा जाण्याची ओळ होती. तीव्रता ३, शक्यता ५, सापडणं ६. तेही ९०. आकड्यानुसार क्रम लावला तेव्हा जिन्याचं न उघडणारं दार आणि गेलेला दिवा एकाखाली एक आले. हे आकडे मुळात पायऱ्यांसारखे आहेत. दहावी पायरी पाचवीच्या वर आहे एवढंच त्यातून कळतं. ती दुप्पट उंच आहे असं कुणी मोजलेलं नाही. अशा तीन आकड्यांचा गुणाकार करून त्याला प्राधान्य म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही.

एफएमईएवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो. २०१९ मध्ये अमेरिकी आणि जर्मन मोटार उद्योगांच्या संघटनांनी, एआयएजी आणि व्हीडीए यांनी, जी संयुक्त पुस्तिका काढली तिच्यात आरपीएन काढून टाकला आणि त्या जागी ‘अ‍ॅक्शन प्रायॉरिटी’ आणली. तिच्यात तीव्रतेला पहिला मान आहे. मी ती वापरून पाहिली, फरक नक्की पडतो. घासाघीस मात्र पूर्ण थांबली नाही. आकड्यांऐवजी ती ‘हाय’ की ‘मीडियम’ यावर होऊ लागली. हा माझा अनुभव. तुमच्याकडे शिस्तीची माणसं असतील तर तुमचा वेगळा असू शकेल.

पण खरं नुकसान दुसरीकडेच झालं होतं. त्या पाऊण तासाच्या खलात पॅनेलची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाने मध्येच विचारलं होतं, “पॅनेल टेस्टला टाकलेलं असलं तर?” प्रश्न रास्त होता. डिटेक्टर बदलताना सगळी इमारत दणाणू नये म्हणून पॅनेलची काही आउटपुट, म्हणजे भोंग्यांना, दारांना जाणारे हुकूम, बंद ठेवावी लागतात, ते त्याचं रोजचंच काम. पण ‘बिघाडाचा प्रकार’ या रकान्यात लिहायचं काय? बिघडलेलं काहीच नव्हतं. शेवटी शेऱ्यात ‘देखभाल करताना काळजी घ्यावी’ एवढं लिहिलं गेलं. त्या ओळीला आकडा नव्हता, त्यामुळे क्रम लावताना ती तळाला गेली आणि पुन्हा कुणी पाहिली नाही.

काही महिन्यांनी संध्याकाळी ड्रिल झालं. दुपारी डिटेक्टर बदलायचं काम चालू होतं, दारांचं आउटपुट बंद ठेवलं होतं, पाळी बदलली आणि ते परत चालू करायचं राहून गेलं. धूर डिटेक्टरने ओळखला. भोंगे वाजले. माणसं शिकवल्याप्रमाणे जिन्याकडे गेली, आणि दार बंद. मी त्या दारापाशीच उभा होतो. पुढच्याने दार दोनदा ढकललं, मागच्यांना वाटलं तो उगाच थांबलाय. खाली सुरक्षा कक्षात बसलेला माणूस वॉकीटॉकीवर सांगत होता, “दारं मोकळी झालीत, स्क्रीनवर हिरवी दिसतायत.” तो खोटं बोलत नव्हता. पॅनेलकडून इशारा आला की सॉफ्टवेअर दार हिरवं दाखवायचं. दार खरंच सुटलं का, हे त्याला कुणी कळवतच नव्हतं. गार्ड किल्ली घेऊन वर येईपर्यंत दोन-अडीच मिनिटं गेली. ड्रिल होतं म्हणून कुणाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी रिले तपासला. ठणठणीत होता. ज्याच्या आकड्यावर आम्ही पाऊण तास घालवला, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

हिरव्या स्क्रीनचा हा प्रकार नवा नाही. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत एक झडप उघडी अडकली. कंट्रोल रूममधला दिवा झडपेला दिलेला हुकूम दाखवत होता, झडपेची खरी स्थिती नव्हे. दिव्यावरून झडप बंद झाली असा समज झाला, आणि तिच्या मागची दुसरी झडप बंद करून गळती थांबवायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. तिथे निदान झडप तरी अडकली होती. आमच्याकडे तेवढंही झालं नव्हतं.

एसटीपीए मी त्यानंतर हातात घेतलं. एमआयटीच्या नॅन्सी लेव्हसन यांचं काम आधी वाचलं होतं, त्यांनी आणि जॉन थॉमस यांनी २०१८ मध्ये काढलेली पुस्तिका संगणकात पडून होती, पण वेळ कोण काढणार म्हणून टाळत आलो होतो. आता तीच इमारत फळ्यावर मांडली. कोणता भाग बिघडेल हे विचारायचंच नाही. कोण कुणाला हुकूम देतं आणि तो पाळला गेला हे त्याला कसं कळतं, एवढंच विचारायचं. पॅनेल, दारांचा कंट्रोलर, दार, सुरक्षा कक्ष, देखभाल तंत्रज्ञ, आत अडकू शकणारी माणसं. सहा चौकटी. खाली जाणारे बाण हुकमांचे, वर येणारे खबरीचे.

खाली जाणारे बाण भराभर काढून झाले. वर येणारे काढायला गेलो तेव्हा खडू थांबला. दाराकडून सुरक्षा कक्षाकडे बाण नव्हता. पॅनेलवर काय बंद ठेवलंय हे पॅनेलच्या छोट्या पडद्यावर दिसायचं, पण तिथून सुरक्षा कक्षाकडेही बाण नव्हता. तंत्रज्ञाकडून पुढच्या पाळीच्या तंत्रज्ञाकडे जाणारी एकच वाट, एक वही, आणि त्या वहीत हे लिहायचं असं कुठेच ठरलेलं नव्हतं. मग नेहमीचे चार प्रश्न: ‘दार मोकळं कर’ हा हुकूम दिलाच नाही तर? नको तेव्हा दिला तर? उशिरा किंवा चुकीच्या क्रमाने दिला तर? लवकर मागे घेतला तर? पहिल्याच प्रश्नाला त्या तंत्रज्ञाचं वाक्य जसंच्या तसं उत्तर म्हणून आलं. या वेळी ते लिहायला जागा होती, आणि ते सगळ्यात वर लिहिलं गेलं.

त्यातून तीन बदल झाले. बंद ठेवलेलं आउटपुट मुद्दाम मुदत वाढवली नाही तर आठ तासांनी आपोआप चालू होतं. काही बंद असेल तर सुरक्षा कक्षाच्या स्क्रीनवर ते ठळक दिसत राहतं. आणि दार हिरवं दिसतं ते दाराच्या चौकटीतल्या संपर्क-सेन्सरने सांगितल्यावरच.

याच्यापेक्षा कितीतरी भयानक उदाहरण उबरलिंगनचं आहे. १ जुलै २००२ ला दक्षिण जर्मनीवर दोन विमानं एकमेकांच्या वाटेत आली. दोन्हींतली टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा चालू होती आणि तिने सल्लाही बरोबर दिला: एकाला वर जा, दुसऱ्याला खाली. पण जमिनीवरच्या नियंत्रकाने पहिल्याला आधीच खाली यायला सांगितलं होतं. त्याच्या वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं, दुसऱ्याच्या वैमानिकांनी टीकॅसचं, दोन्ही विमानं खाली आली, ७१ माणसं गेली. टीकॅसचा तक्ता कितीही बारकाईने भरला तरी ‘टीकॅस बरोबर सांगतं’ ही ओळ धोक्यांच्या यादीत येणार नाही. चित्रात मात्र एका वैमानिकाकडे दोन ठिकाणांहून हुकमाचे बाण येताना दिसतात, आणि दोघांत ऐकायचं कुणाचं हा प्रश्न टाळता येत नाही.

आता एसटीपीएच्या अडचणी, आणि त्या लहान नाहीत. पहिल्या खेपेला आम्ही तेवीस चौकटी काढल्या. बाणांचं जाळं झालं, दोन बैठका वाया गेल्या, शेवटी पुसून सहावर आलो. किती खोलात जायचं हे पुस्तिका वाचून कळतं असं मला वाटत नाही, दोन-तीनदा हात पोळावे लागतात. दुसरं, शेवटी हातात आकडा येत नाही. वरचे साहेब विचारतात, यातलं आधी काय करू? तेव्हा प्रत्येक धोका कुठल्या हानीपर्यंत पोचतो ते दाखवून पटवावं लागतं, आणि दर वेळी ते पटतंच असं नाही. तिसरं, बैठक चालवणारा कच्चा असेल तर गटातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस चित्र काढतो. आणि जिथे नियमच एफएमईए मागतो तिथे ते द्यावंच लागतं, नुसत्या एसटीपीएवर भागत नाही.

दोघांपैकी एकाला कायमची सुट्टी द्यावी असं माझं म्हणणं नाही. बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानांच्या दोन अपघातांत, ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये, मिळून ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक खाली आणणारी एमकॅस यंत्रणा एका वेळी एकाच सेन्सरचं ऐकत होती. ही एफएमईएने पकडावी अशीच गोष्ट. पण काय चाललंय हे वैमानिक काही सेकंदांत ओळखून सावरतील, असं गृहीत धरलं होतं. ते तपासायला वैमानिक चित्रात यावा लागतो, तक्त्यात त्याची ओळ नसते.

तुमचं काम एखाद्या पंपाचं, बॅटरीच्या खोक्याचं, एका सर्किट बोर्डाचं असेल, तर एफएमईए घ्या आणि नव्या पुस्तिकेप्रमाणे करा. एसटीपीएसाठी वेळ काढायची गरज मला तरी दिसत नाही. पण तुमच्या यंत्रणेत सॉफ्टवेअर असेल, पाळ्या बदलत असतील, दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या वस्तू एकमेकांशी बोलत असतील, तर सुरुवात चित्रापासून करा असं मी सुचवेन. चित्रात जिथे खरंच वस्तूवर भिस्त आहे असं दिसतं, तेवढ्याच चौकटींचं एफएमईए मी आता करतो. पूर्वी दोनशेच्या घरात ओळी व्हायच्या, मागच्या कामात चाळीस झाल्या आणि त्या चाळीसही नीट वाचल्या गेल्या.

पहिल्या बैठकीला डिझाइनचे लोक येतीलच. रात्रपाळीला स्क्रीनसमोर बसणारा एक माणूस आणि पॅनेल उघडणारा एक तंत्रज्ञ, या दोघांची ड्यूटी त्या दिवशी आधीच मोकळी करून घ्या. आमच्याकडे आता हे दोघे असल्याशिवाय फळ्यावर पहिली चौकट काढत नाहीत.