एका रविवारात काय होईल: बुऱ्हाणपूर की पाटणादेवी?

जळगाव-भुसावळकडून सकाळी निघून रात्री घरी यायचं आणि दोन-तीन धर्मांची ठिकाणं बघायची, तर माझं मत आधीच सांगतो: पहिल्यांदा जात असाल तर बुऱ्हाणपूर.

आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या खान्देशाची राजधानी तेच. भर बाजारातल्या जामा मशिदीत (बांधकाम १५८९ च्या आसपासचं) भिंतीवर अरबीसोबत चक्क संस्कृत शिलालेख आहे. सुरुवात सृष्टिकर्त्याला नमस्काराने, मग फारुकींची वंशावळ, आणि शके १५११ ची तिथी-नक्षत्रं अगदी पंचांगातल्यासारखी. घाईत लोक मिनार बघून परत फिरतात. तुम्ही आत जाऊन हा लेख शोधाच. तिथून रिक्षाने गुरुद्वारा बडी संगत. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना या शहरात थांबले होते. नंतर बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी: पांढराशुभ्र संगमरवर आणि बाग. रुमाल, ओढणी जवळ ठेवा, डोकं सगळीकडे झाकावं लागतं. सुटी शुक्रवारची असेल तर दुपारच्या नमाजाची वेळ सोडून मशिदीत जा. मावा जिलेबी खाल्ल्याशिवाय स्टेशन गाठू नका.

दुसरा पर्याय पाटणादेवीचा, म्हणजे चाळीसगावची बाजू. ती वेगळी. गावात बामोशी बाबांचा दर्गा, तिथे हिंदूही नवस बोलतात. पुढे साधारण १८ किलोमीटरवर पाटणा: चंडिकादेवीचं (हीच पाटणादेवी) हेमाडपंती मंदिर, डोंगरात नागार्जुन कोठडी हे जैन लेणं, आणि पलीकडे पितळखोऱ्याची बौद्ध लेणी, दोन हजार वर्षांहून जुनी. गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला इथेच मठ काढला. पण दर्गा आणि देवी सोडली तर बाकी सगळं दगडातलं. पूजाअर्चा, माणसांची ये-जा बघायची हौस इथे फिटत नाही. शिवाय पाटण्याकडून पितळखोरा म्हणजे जंगलातली चढण, आणि गाडीनेच जायचं तर घाट चढून कन्नडकडून वळसा. एका दिवसात पाटणा आणि पितळखोरा दोन्ही उरकायला गेलात तर धड काहीच होत नाही.

श्रावणात मात्र मी पाटण्यालाच जाईन. धवलतीर्थाचा धबधबा, हिरवा डोंगर. बुऱ्हाणपूरला त्याचं उत्तर नाही. डबा घरूनच न्या, माकडांपासून जपा. आणि मे महिन्यात बुऱ्हाणपूर, पाटणा दोन्ही नको: मशिदीच्या अंगणातली फरशी अनवाणी पायांना चटके देते, पाटण्याचा डोंगर तर नुसता तापलेला तवा. सोबत आजी-आजोबा असतील तर विचारच करू नका, बुऱ्हाणपूरचं तिकीट काढा.